परिचर्येची नोंदवही : नियमन आणि प्रतिनिधित्व

शासकीय रुग्णालयात रुग्णाच्या उशाशी उभी असणारी जी बाई सर्वांना ‘सिस्टर’ म्हणून परिचित असते, तिचे कागदोपत्री पदनाम ‘अधिपरिचारिका’ असे असते. पहिली बढती मिळाली की ती ‘परिसेविका’ होते आणि त्याही वर गेली की ‘अधिसेविका’. गावच्या उपकेंद्रात काम करणारी तिची सहकारी ‘आरोग्य सेविका’ या नावाने ओळखली जाते. जबाबदारी वाढत जाते तसतसा पदनामात ‘सेविका’ हा शब्द येऊन बसतो. त्याच इमारतीतील डॉक्टर मात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ‘वैद्यकीय अधिकारी’ असतो. केंद्र शासनाने २०१६ साली आपल्या रुग्णालयांतील स्टाफ नर्सचे पदनाम बदलून ‘नर्सिंग ऑफिसर’ केले, तेव्हा अनेकांना तो मानापमानाचा प्रश्न वाटला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो तसा वाटू नये. ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या बिनमोल ‘सेवे’त खर्ची पडल्या, त्या समाजातील मुलामुलींनी तरी हा शब्द दिसताच थांबून विचारावे, की या सेवेचे मोल कोण ठरवितो आणि ठरविणाऱ्यांत आपला कोणी आहे काय?

आपल्यासारख्या निवासी शाळांतून दहावी-बारावी उत्तीर्ण होणाऱ्या अनेक मुली परिचर्येच्या अभ्यासक्रमाकडे वळतात. अलीकडे मुलगेही वळू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना शरीरशास्त्र शिकविले जाते, इंजेक्शन कसे द्यावे हे शिकविले जाते. परंतु आपल्या व्यवसायाचा कायदा कोणता, परिषद म्हणजे काय, संघटना म्हणजे काय, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. परिणामी परिषद ही आपली बाजू मांडणारी संस्था आहे असे समजून कित्येक परिचारिका पगाराची तक्रार परिषदेकडे घेऊन जातात आणि निराश होऊन परततात. परिषद असते ती रुग्णाच्या रक्षणासाठी. रुग्णाच्या अंगाला हात लावणारी व्यक्ती शिकलेली आहे, परीक्षा दिलेली आहे आणि चुकली तर जाब देण्यास बांधलेली आहे, याची हमी परिषद समाजाला देते. याला नियमन म्हणतात. परिचारिकेचे वेतन, कामाचे तास, तिची सुरक्षितता आणि तिचा शब्द धोरण ठरविणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे हे संघटनेचे काम होय. याला प्रतिनिधित्व म्हणतात. या दोन्हींची गाठ जेथे पडते, तेथे नोंदवही असते. या लेखात त्या नोंदवहीचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

संघातील परिचर्या

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आला आहे. अतिसाराने ग्रासलेला हा भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत तेथे पोहोचले. चौकशी करता कळले, की हा भिक्खू इतरांच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून इतरही त्याची विचारपूस करीत नाहीत. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले.

हा प्रसंग आपल्या मुलांना ठाऊक असतो. करुणेचे उदाहरण म्हणून तो प्रत्येक पौर्णिमेच्या कार्यक्रमात सांगितला जातो. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतर घडले ते. भगवंतांनी भिक्खूसंघ एकत्र बोलाविला आणि नियम घालून दिला. आजारी भिक्खूचा उपाध्याय असेल तर त्याने शुश्रूषा करावी. तो नसेल तर आचार्याने, नंतर शिष्याने, नंतर सहाध्यायाने. आणि यांपैकी कोणीही नसेल तर ती जबाबदारी संपूर्ण संघाची. संघाने ती टाळली तर दुक्कटाचा दोष लागतो. कोणाच्या मनात दया उपजेल यावर रुग्णाला सोडून दिले नाही. कर्तव्याची क्रमवारी लावली आणि कर्तव्यच्युतीला दोष ठेवला. याहून स्पष्ट असे नियमन दुसरे कोणते असावे?

त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याची पात्रता पाच लक्षणांनी सांगितली आहे. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. रुग्णाला हितकर काय आणि अहितकर काय हे त्याला कळले पाहिजे, आणि त्याने हितकर ते जवळ आणून अहितकर ते दूर सारले पाहिजे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने शुश्रूषा करावी. विष्ठा, मूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन त्याने प्रसन्न करावे. या पाचांत ज्ञान आहे, कौशल्य आहे, वृत्ती आहे. जात कोठेही नाही. किळस न वाटणे हा गुण येथे पात्रता म्हणून नोंदविला आहे. आपल्या गावगाड्याने मात्र तेच काम करणाऱ्याला त्या कामावरून अस्पृश्य ठरविले.

तिसऱ्या लक्षणाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, की पाहा, परिचर्या लाभासाठी करावयाची नसते, मग परिचारिका वेतनासाठी का भांडतात? ‘सेवाभाव’ हा शब्द अनेकदा असाच वापरला जातो. त्यांनी तेच प्रकरण थोडे पुढे वाचावे. शुश्रूषा होऊनही भिक्खू मरण पावला तर त्याच्या वस्तूंवर मालकी संघाची असते. परंतु त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनी फार कष्ट घेतले आहेत म्हणून त्याचे पात्र व चीवर संघाने रीतसर ठराव करून त्यांना द्यावे, असे भगवंतांनी सांगितले. पुढे प्रश्न निघाला, की शुश्रूषा करणाऱ्यांत एक भिक्खू आणि एक सामणेर असेल तर सामणेराला किती द्यावे? सामणेर म्हणजे उपसंपदा न झालेला, संघातील कनिष्ठ. त्याला समान वाटा द्यावा, असा निर्णय झाला. एकाच वॉर्डात एकच काम करणाऱ्या कायम आणि कंत्राटी परिचारिकेच्या वेतनचिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून हा निर्णय वाचण्यासारखा आहे.

नोंद असावी की नसावी

आधुनिक परिचर्येचा इतिहास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून सांगितला जातो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली त्यांच्या नावाने प्रशिक्षणशाळा निघाली, हे पाठ्यपुस्तकात असते. परंतु परिचारिकांची कायदेशीर नोंदणी व्हावी या मागणीला नाइटिंगेल यांचाच विरोध होता, हे पाठ्यपुस्तकात क्वचित असते. त्यांचे म्हणणे असे, की चांगली परिचारिका तिच्या चारित्र्यावरून ओळखावी लागते आणि चारित्र्याची परीक्षा घेऊन ते वहीत मांडता येत नाही. त्यांच्या विरोधात एथेल बेडफर्ड फेनविक उभ्या राहिल्या. १८८७ साली त्यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन केली आणि ठराविक मुदतीचे प्रशिक्षण, परीक्षा व राज्याने राखलेली नोंदवही यांची मागणी लावून धरली. हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालला. दरम्यान न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा करून जगात पहिला मान मिळविला. ब्रिटनमध्ये तो कायदा १९१९ साली झाला, आणि नोंदवही उघडली तेव्हा पहिल्या क्रमांकावर फेनविक यांचे नाव लागले.

फेनविक यांच्या मागणीत वर्गाचा अहंकार होता हे नाकारता येणार नाही. कष्टकरी घरच्या मुली या व्यवसायात फार येऊ नयेत, अशीही त्यामागे इच्छा होती. तरीही या वादात मी फेनविक यांच्या बाजूने आहे. चारित्र्य कोण ठरविणार, हा प्रश्न आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. चांगल्या घरची, कुलीन, संस्कारी या शब्दांच्या कसोटीवर आपल्या आया-आज्या दारातच नापास होत आल्या. परीक्षेला निदान प्रश्नपत्रिका असते, उत्तरपत्रिका असते, आणि उत्तरपत्रिकेवर आडनावाऐवजी क्रमांक असतो. वहीत नाव लागण्याची अट लेखी असेल तर ती पुरी करता येते आणि पुरी केल्यावर हक्काने मागता येते. बाबासाहेबांनी आयुष्यभर लेखी हक्कांचा, कायद्यातील शब्दांचा जो आग्रह धरला, त्यामागेही हाच अनुभव होता.

सुईण वहीबाहेर राहिली

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे. जे. आणि कामा या रुग्णालयांत परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. मिरजेसारख्या ठिकाणी मिशनरी रुग्णालयांनी ते केले. परपुरुषाच्या देहाला स्पर्श, रक्त, मलमूत्र, रात्रपाळी या सर्व गोष्टींमुळे सवर्ण कुटुंबे आपल्या मुली पाठवीत नसत. म्हणून आरंभीच्या परिचारिकांत युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि एतद्देशीय ख्रिस्ती स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. विटाळाच्या कल्पनेने या देशातील परिचर्येची वाढ कशी खुंटविली याचा एक आकडा पुरेसा आहे. भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० होती; म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टरांचे प्रमाण त्याच वेळी सुमारे ६,३०० लोकांमागे एक होते. डॉक्टरांहून परिचारिका कमी, असे उलटे चित्र!

मग शतकानुशतके या देशातील बाळंतपणे कोण करीत होते? महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत सुईणीचे काम मातंग समाजातील स्त्री करी. वसाहतकालीन जातिवर्णनांतही तशी नोंद आहे. अन्यत्र इतर अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रिया ते करीत. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे रक्ताचे कपडे धुणे हे सारे विटाळाचे मानले गेल्यामुळे ते तिच्या वाट्याला आले. मोबदला म्हणजे थोडे धान्य, खण-नारळ, एखादे जुने लुगडे. जिच्या हातावर घराण्याचा वारस जन्म घेई, तिला बाराव्या दिवशी त्याच घराच्या ओसरीवर पाऊल टाकता येत नसे. तिचे ज्ञान हातातून हातात गेले, कोठेही लिहिले गेले नाही.

१८८५ साली निघालेल्या लेडी डफरिन निधीने आणि १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने निघालेल्या व्हिक्टोरिया स्मारक निधीने दाईंना प्रशिक्षण देण्याचे काम हाती घेतले. हेतू चांगला होता. प्रसूतिज्वर आणि धनुर्वात यांनी माता व बालके मरत होती आणि अस्वच्छ हात, अस्वच्छ हत्यार हे त्याचे एक कारण होते, यात शंका नाही. पण या काळातील लिखाण वाचताना जाणवते, की सारा दोष दाईच्या माथी मारला गेला. तिला जी अंधारी, कोंदट खोली दिली जाई, बाळंतिणीला उपाशी ठेवणारे जे सोवळे पाळले जाई, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीवर मातृत्व लादणारा जो विवाह होई, त्यांवर दाईचा काडीचाही अधिकार नव्हता.

इंग्लंडने १९०२ साली सुईणींचा कायदा केला, तेव्हा निदान एक वर्ष प्रत्यक्ष व्यवसाय करीत असलेल्या आणि चांगल्या वर्तणुकीच्या अशिक्षित सुईणींनाही ठराविक मुदतीत यादीत येण्याची वाट ठेवली होती. आमच्याकडे मद्रासने १९२६ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९३५ मध्ये परिचारिका व सुईणी यांच्या नोंदणीचे कायदे केले. प्रशिक्षित प्रसविकेचे नाव मुख्य वहीत लागले. गावच्या सुईणीला काही ठिकाणी निराळी, खालच्या पायरीची नोंद मिळाली, बहुतेक ठिकाणी तीही नाही. स्वातंत्र्यानंतर दाई-प्रशिक्षणाच्या योजना आल्या, तिला साबण, दोरा आणि पाते असलेली पेटी दिली गेली, आणि २००५ नंतर जननी सुरक्षा योजनेने प्रसूती रुग्णालयात नेल्या. मातामृत्यू कमी करण्यासाठी ते आवश्यकच होते. तथापि ज्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले तिच्या लेकीसुनेला रुग्णालयात कोणती जागा मिळाली, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘सफाईची’ असे येते.

क्रांतिज्योती सावित्रीबाईंचे नाव येथे घेतले पाहिजे. जोतीरावांसह त्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह चालविले, तेथे विधवांची बाळंतपणे झाली. १८९७ च्या प्लेगमध्ये पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली, मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवरून आणले आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय परिचर्येच्या इतिहासात पहिल्या प्रकरणात हे नाव असावयास हवे. अध्यापनाच्या इतिहासात ते आपण भांडून आणले. येथे ते अजून आणावयाचे आहे.

परिषदेकडून आयोगाकडे

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषद कायदा, १९४७ संमत झाला. प्रत्येक प्रांताची वही वेगळी, अभ्यासक्रम वेगळा, त्यामुळे एका प्रांताची परिचारिका दुसऱ्या प्रांतात पात्र ठरत नसे. ही अडचण दूर करून प्रशिक्षणाचा एकसारखा दर्जा ठरविणे हे मध्यवर्ती परिषदेचे काम होते. प्रत्यक्ष नोंदणी राज्य परिषदांकडेच राहिली. मुंबई राज्याने १९५४ साली नवा कायदा केला, आणि महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ ने सध्याची महाराष्ट्र परिचर्या परिषद अस्तित्वात आली. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांची ‘नोंदणीकृत परिचारिका व प्रसविका’ म्हणून, तर एएनएम झालेल्यांची साहाय्यकारी परिचारिका-प्रसविका म्हणून वेगळी नोंद होते. गैरवर्तन सिद्ध झाल्यास चौकशीअंती नाव वहीतून काढण्याचा अधिकार परिषदेला असतो.

जुन्या रचनेतील एका गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे. १९४७ च्या कायद्यानुसार मध्यवर्ती परिषदेवर राज्य परिषदांनी निवडून दिलेल्या परिचारिका असत, परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने निवडून दिलेला एक सदस्य असे, संसदेने निवडून दिलेले तीन सदस्य असत. महाराष्ट्राच्या कायद्यातही नोंदणीकृत परिचारिकांनी निवडलेल्या सदस्यांची तरतूद आहे. म्हणजे जी वही रुग्णाच्या रक्षणासाठी ठेवली, तीच मतदारयादीही झाली. निवडणुका वर्षानुवर्षे रखडणे, परिषदेवर प्रशासक बसविणे, हे दोष या व्यवस्थेत होते आणि त्यांवर टीकाही झाली. तरी तत्त्व निवडणुकीचे होते.

राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा, २०२३ ने ही रचना बदलली. जुना कायदा रद्द करून २९ सदस्यांचा राष्ट्रीय आयोग, त्याखाली शिक्षण, मूल्यमापन आणि नीती-नोंदणी यांसाठी तीन मंडळे, आणि प्रत्येक राज्यात राज्य आयोग अशी नवी मांडणी आली. कायद्यात चांगले पुष्कळ आहे. अध्यक्ष परिचर्येतील पदव्युत्तर पदवीधारक आणि दीर्घ अनुभवाची व्यक्तीच असावी लागते. देशभराची एकच, सतत अद्ययावत राहणारी ऑनलाइन नोंदवही ठेवावयाची आहे. तिची गरज होतीच. कागदोपत्री तीस लाखांहून अधिक नोंदी दाखविणाऱ्या जुन्या वह्यांत वारलेल्यांची, परदेशी गेलेल्यांची आणि दोन राज्यांत नोंदलेल्यांची नावे तशीच पडून होती. नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जुन्या वहीतील नावे नव्या कायद्यातही ग्राह्य धरली आहेत. मात्र सदस्य येतात ते मुख्यतः निवड समितीच्या शिफारशीने, नेमणुकीने आणि नामनिर्देशनाने. तीस लाखांची मतदारयादी अशी हळूच मिटली.

नियुक्त प्रतिनिधी कार्यक्षम असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. परंतु १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी सरकारनियुक्त किंवा इतरांनी स्वीकृत केलेले सदस्य देण्याची कल्पना फेटाळून स्वतः निवडलेल्या प्रतिनिधींची मागणी का केली, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या बदलाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ज्याने नेमले त्याच्याकडे पाहून नियुक्त सदस्य बोलतो.

संघटना कोणाची

परिचारिकांच्या संघटनेचा आरंभ १९०५ साली लखनौ येथे झाला, तोही युरोपीय अधीक्षिकांच्या एका लहानशा मंडळाने. १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची संघटना काढण्याचे ठरले, १९१० पासून तिची पत्रिका निघू लागली आणि १९२२ मध्ये दोन्ही मंडळे एक होऊन आजची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया आकाराला आली. शिक्षणाचा दर्जा, कायदे, आंतरराष्ट्रीय संबंध या बाबतींत तिचे कार्य मोठे आहे. प्रारंभीच्या काळात मात्र ती अधीक्षिकांची होती. वॉर्डात रात्र काढणाऱ्या मुलीचा आवाज तिच्यात उशिरा आला. सरकारी परिचारिकांच्या राज्यस्तरीय संघटना त्यातूनच पुढे उभ्या राहिल्या. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील परिचारिकांनी बाह्यस्रोतामार्फत पदभरती करण्याविरुद्ध संप केला, तो अशा संघटनेच्या बळावर.

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांची स्थिती निराळी. त्यांचा प्रश्न राष्ट्रीय संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. समितीने शिफारस केली, की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, लहान रुग्णालयांत ते फार तर इतक्या टक्क्यांनी कमी असावे, आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांहून कमी नसावे. या शिफारशींना स्वतःचे बळ नव्हते; ते राज्यांनी द्यावयाचे होते. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली, कारण तेथे खासगी रुग्णालयांतील परिचारिका संघटित होऊन अनेक वर्षे रस्त्यावर होत्या.

नियमनाची मर्यादाही येथेच दिसते. परिषदेच्या मानकांप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेसाठी ३० टक्के अधिक. एका परिचारिकेवर तीस-चाळीस रुग्ण सोपविलेला वॉर्ड ज्यांनी पाहिला नाही असा वाचक विरळा. त्या वॉर्डात औषध चुकले तर नाव कापले जाते परिचारिकेचे. पदे न भरणाऱ्याचे नाव कोणत्याही वहीत नसते. अशा ठिकाणी परिषद पुरत नाही, संघटना लागते. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ मध्ये मालकांनी कामगार संघटनेला मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक मांडले होते. पुढे १९४७ साली तशी दुरुस्ती संमत झाली, पण ती कधीही अमलात आणली गेली नाही. मुंबई कायदे मंडळात १९२८ साली त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता, याचीही आठवण परिचारिकांनी ठेवावी; रजेवर असलेली परिचारिकाही कोणाची तरी बाळंतीण असते.

आणि ज्यांना वहीही नाही, त्यांचे काय? २००५ पासून गावोगाव नेमलेल्या आशा ताई महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आहेत. गरोदर स्त्रीची नोंद त्या करतात, रात्री-अपरात्री तिला रुग्णालयात नेतात, नवजात बालकाचे वजन घेतात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. शासन त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणते आणि वेतनाऐवजी मानधन व कामागणिक मोबदला देते. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे अशी शिफारस केली होती. आशा ताई पाहिली की मला खण-नारळ घेऊन परतणारी सुईण आठवते.

प्रवेश घेण्यापूर्वी

शेवटी विद्यार्थ्यांसाठी आणि विशेषतः पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. तालुक्याच्या गावी ‘नर्सिंग कोर्स, सहा महिने’, ‘एक वर्षात नर्स’ अशा पाट्या दिसतात. कानातले मोडून, बचतगटाचे कर्ज काढून पालक तेथे पैसे भरतात. अशा प्रमाणपत्रावर परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर कायद्याच्या दृष्टीने ती मुलगी परिचारिका नाही. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे. संस्थेचे नाव राज्य परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः पाहावे, बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे काय हेही तपासावे. संस्थाचालकाने दाखविलेल्या पत्राच्या झेरॉक्सवर विसंबू नये. मान्यता कोणत्या वर्षासाठी आणि किती जागांसाठी आहे, तेही त्याच यादीत असते. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरावा आणि शुल्काची पावती प्रत्येक वेळी मागावी.

अभ्यासक्रम संपताच नोंदणी करून घ्यावी आणि तिचे नूतनीकरण मुदतीत करावे. लग्नानंतर नाव बदलले तर वहीतील नावही बदलून घ्यावे. दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर आपल्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तेथे नोंद करावी लागते. रुग्णालयाने नोकरी देताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याचा आग्रह धरला तर साक्षांकित प्रती द्याव्यात. मूळ कागद अडकवून ठेवल्यामुळे कमी पगारावर वर्षानुवर्षे अडकलेल्या मुलींची उदाहरणे या व्यवसायात थोडी नाहीत. नेमणूकपत्र लेखी मागावे व त्यावर पदनाम, वेतन आणि कामाचे तास आहेत ना ते पाहून मगच सही करावी. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तेथे कोणती संघटना आहे, तिची वर्गणी किती आणि तिच्या कार्यकारिणीची निवडणूक कधी आहे, याची चौकशी करावी.